फिरत्या एंजिनाचा पहिला ठोका

रत्नागिरीजवळच्या पालीसारख्या गांवीं एरंड परसांत आपोआप उगवतो, आणि मुलांना एरंडेलाची ओळख होते ती पोट साफ करणारें औषध म्हणून. हेंच तेल एके काळीं विमानांच्या एंजिनांत जात असे, हें मात्र थोड्यांनाच ठाऊक असतें.

फ्रान्समधील सेगँ बंधूंचें ‘नोम’ एंजिन १९०९ च्या सुमारास पुढें आलें. त्यांत सात सिलिंडर चक्राच्या आऱ्यांप्रमाणें बसविलेले असत. नवल असें कीं, मुख्य दांडा विमानाला पक्का जखडलेला, आणि सिलिंडरच पंख्यासह गरगर फिरावयाचे! वाऱ्यानें ते थंड राहत. पेट्रोलांत सहजासहजीं न विरघळणारें तेल हवें, म्हणून एरंडेल. वापरलेलें तेल बाहेर उडे, वैमानिकाच्या नाकातोंडांत जाई आणि तेथें आपला मूळ गुण दाखवी.

असें एंजिन सुरू करणें एकट्याचें काम नव्हे. मेकॅनिक पिचकारीनें सिलिंडरांत थोडें पेट्रोल सोडी, ठिणगी बंद ठेवून पंखा हातानें फिरवी, आणि मिश्रण आंत ओढलें गेलें म्हणजे वैमानिकाला इशारा देई. वैमानिक ठिणगीची कळ दाबी. मेकॅनिक पंख्याला जोराचा हिसका देऊन चटकन् मागें सरे. पेट्रोल कमी पडलें तर एंजिन मुकें. जास्त झालें तर ज्वाळा, आणि विमान लाकडाचें व कापडाचें! हें प्रमाण पुस्तकांत नसे, मेकॅनिकच्या हातांत असे.

ब्रिटिश विमानदळांत लढणारे मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर १९१८ च्या जूनमध्यें कामीं आले. त्यांचें ‘डॉल्फिन’ विमान स्थिर सिलिंडरांच्या एंजिनाचें होतें. फिरत्या सिलिंडरांचा काळ तेव्हां सरतच आला होता.

पुढें फेलिक्स वांकेल या जर्मन संशोधकाचें एंजिन १९५७ सालीं प्रथम चाललें. नांव फिरतेंच, पण जात अगदीं निराळी. अंडाकृति घरांत त्रिकोणी चक्र फिरतें. सिलिंडर नाहींत, दट्टे नाहींत. जपानच्या माझदा कंपनीनें १९६७ पासून तें मोटारींत घातलें व पुढें त्याला पेट्रोल फवारणारे इंजेक्टरही जोडले.

घरीं विमान बांधण्याचा ध्यास महाराष्ट्रालाही परका नाहीं. कॅप्टन अमोल यादव यांनीं कांदिवलीच्या चारकोपमध्यें गच्चीवर विमान बांधलें. तें २०१६ सालीं मुंबईच्या प्रदर्शनांत मांडलें गेलें आणि २०२० सालीं धुळ्यास उडालें. परदेशांतील अशा कांहीं बांधणाऱ्यांनीं मोटारीचें वांकेल एंजिन विमानास जोडलें. हादरे कमी, आकार लहान. फक्त पंख्याचा वेग आवरण्यास मध्यें दांत्यांची पेटी लागते.

येथें पिचकारीची जागा विजेच्या पंपानें घेतली आहे. पंप चालू करून दाब पाहावा, ठिणगी चालू करावी, स्टार्टर दाबावा. एंजिन किती थंड आहे हें पाहून पेट्रोल मोजण्याचें काम यंत्रच करतें. तरीही जुनें संकट उरतेंच. पेट्रोल जास्त झालें कीं त्रिकोणाच्या टोकांवरील पट्ट्यांचें तेल धुऊन जातें, दाब टिकत नाहीं आणि एंजिन ‘बुडतें’. मग पुन्हा पुन्हा पेट्रोल देण्यानें तें अधिकच बुडतें. इंजेक्टर बंद करून नुसता स्टार्टर फिरवावा, आंतलें पेट्रोल बाहेर जाऊं द्यावें, ठिणगीचे प्लग कोरडे करावे, हाच त्यावर उपाय. म्हणून शहाणा बांधणारा इंजेक्टरांसाठीं वेगळी कळ ठेवतो. थंड एंजिन मिनिटभर चालवून बंद केलें, तर पुढल्या खेपेस तें बहुधा रुसतें. विमान नुसतें हँगरच्या दारापर्यंत न्यावयाचें असेल, तर चौघांनीं ढकललेलें बरें.