खुब्याचे कृत्रिम संधिरोपण

खुब्याचे कृत्रिम संधिरोपण : झिजलेल्या, किडलेल्या वा मोडलेल्या खुब्याच्या जागी धातू, प्लास्टिक किंवा सिरॅमिकचा सांधा बसवण्याची शस्त्रक्रिया. बोलीत ‘खुबा बदलणे’. खुबा हा उखळीचा सांधा असून मांडीच्या हाडाचे गोल डोके कमरेच्या हाडातील खोबणीत फिरते. संधिवात, रक्तपुरवठा तुटून डोके मृत होणे आणि उतारवयात हाडाची मान मोडणे ही शस्त्रक्रियेची प्रमुख कारणे आहेत.

लंडनच्या फिलिप वाइल्स यांनी १९३८ मध्ये पोलादी सांधा बसवून पाहिला; पण आजची पद्धत घडली ती सर जॉन चार्नली (१९११–८२) यांच्या संशोधनातून. इंग्लंडमध्ये लँकेशरमधील राइटिंग्टन येथे, मूळच्या क्षयरोग रुग्णालयात त्यांनी हे काम केले. त्या काळचे अॅक्रिलिकचे डोके चालताना करकरत असे. त्यावरून ते घर्षणाच्या अभ्यासाकडे वळले. डोके लहान असेल तर घर्षणाचा पीळ कमी पडतो, म्हणून त्यांनी व्यास अवघा २२.२२५ मिमी. ठेवला. डोक्याचा दांडा मांडीच्या हाडात पक्का करण्यासाठी दंतवैद्यकात वापरात असलेल्या अॅक्रिलिकचे सिमेंट घेतले आणि खोबणीत बसवायची वाटी टेफ्लॉनची केली.

१९६१ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये त्यांनी ही शस्त्रक्रिया मांडली. पुढे मात्र टेफ्लॉन भराभर झिजले, त्याच्या कणांनी भोवतालच्या ऊती बिघडल्या आणि अनेक रुग्णांवर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. चार्नली यांनी अपयश झाकले नाही. टेफ्लॉनचे कण स्वतःच्या मांडीत टोचून घेऊन त्यांचा परिणाम तपासला. त्यांचे तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांनी यंत्रमागांच्या दातेरी चाकांसाठी विकले जाणारे पॉलिएथिलीन झीजयंत्रावर लावून पाहिले. ते जेमतेम झिजले. नोव्हेंबर १९६२ पासून त्याच्या वाट्या बसू लागल्या. जंतुसंसर्गाचे प्रमाण शेकडा सातच्या आसपास होते, ते शस्त्रक्रियागृहातील गाळलेल्या हवेसह इतर उपायांनी एकाच्या खाली आले.

यानंतरही चार्नली यांनी सांधा लगेच सर्वांना विकू दिला नाही. आधी वर्षानुवर्षे रुग्णांचा पाठपुरावा केला. मृत्यूनंतर सांधा तपासू देण्याची विनंतीही ते रुग्णांना करीत. सांध्याच्या रचनेपेक्षा त्यांचा हा संयम मोठा म्हणावा लागेल. स्वीडनने १९७९ मध्ये खुब्याच्या सांध्यांची राष्ट्रीय नोंदवही सुरू करून पाठपुराव्याला देशव्यापी रूप दिले.

तो संयम सुटला की काय होते, हे ‘एएसआर’ या धातूवर धातू घासणाऱ्या सांध्याने दाखवले. तो ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत घेण्यात आला. तोवर सुमारे ९३,००० रुग्णांना बसला होता. त्यांत भारतातले हजारो होते आणि त्यांपैकी बहुतेकांचा नंतर माग लागला नाही. म्हणून खुबा बदललेल्या प्रत्येकाने सांध्याची कंपनी, प्रकार व बॅच क्रमांक असलेला स्टिकर रुग्णालयातून मागून घ्यावा आणि डिस्चार्जच्या कागदांसोबत कायम जपावा.