विहीर, सांगड आणि पाण्याची भीती

महाराष्ट्राच्या देशावरील गावांत पोहणे शिकवण्यासाठी वेगळी जागा किंवा वेगळा गुरू सहसा नसे. सुगी आटोपल्यावर, चैत्र-वैशाखाच्या उन्हात, वडील, चुलते किंवा थोरले भाऊ मुलांना शेतातल्या विहिरीत उतरवत. या शिक्षणाची वही कोणी ठेवली नाही, तरी त्याच्या खुणा भाषेत उरल्या आहेत. दोन गोष्टी जोडण्याला आज ‘सांगड घालणे’ म्हणतात, पण सांगड म्हणजे मुळात एकत्र बांधलेल्या दोन होड्या, ओंडके किंवा वाळके भोपळे, ज्यांच्या आधाराने माणूस पाण्यावर तरंगत असे, आणि मोल्सवर्थच्या १८५७ सालच्या कोशात हा अर्थ नोंदलेला आहे. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० मध्ये, सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या सातव्या अध्यायात मायेला नदी कल्पून ती तरू पाहणाऱ्यांची जी फजिती वर्णिली आहे, तीतही वेदांची सांगड घेऊन निघालेले, पण अहंकाराचे धोंडेही सोबत घेतल्याने मदरूपी माशाच्या तोंडी गेलेले लोक येतात. ‘कासेला लागणे’ हा प्रयोगही पाण्यातलाच. पट्टीच्या पोहणाऱ्याच्या कमरेचे वस्त्र धरून पैलतीर गाठणे हा त्याचा मूळ अर्थ होय.

पाण्याची भीती विहिरीत विशेष बळावे, याला विहिरीची रचनाच कारणीभूत होती. बैलांनी ओढायच्या कातडी मोटेसाठी बांधलेली विहीर खोल आणि उभ्या भिंतींची असे. साताऱ्याजवळ लिंब येथे वीरूबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ या काळात बांधविलेली बारा मोटांची विहीर सुमारे ११० फूट खोल आहे. अर्थात ती राजघराण्याची वास्तू. साधी विहीर तिच्यापुढे लहानच, पण काठावरून डोकावणाऱ्या सहा-सात वर्षांच्या मुलाला काळ्या पाण्याचा थांग दोन्हींकडे सारखाच लागत नसे. नदीच्या उताराला पाय टेकवत टेकवत धीर चेपतो, विहिरीत मात्र उथळ बाजू नसतेच, म्हणून तेथे तरंगण्याचे साधन ही पहिली गरज ठरली.

हे साधन म्हणजे पाठीला बांधलेला वाळक्या पांगाऱ्याचा ओंडका, ज्याला काही भागांत ‘बिंडा’ म्हणतात. पांगाऱ्याचे लाकूड वाळले की अतिशय हलके होते, आणि जे इमारतीला किंवा चुलीला फारसे कामाचे नाही, तेच येथे मोलाचे ठरे. कोठे भोपळे, पुढे तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा, आणि मोटारी आल्यावर चाकाची फुगवलेली ट्यूब, अशी साधने पालटत गेली, तरी रीत तीच राहिली. कमरेला दोर बांधून त्याचे टोक काठावरच्या मोठ्या माणसाच्या हाती असे. मूल नाकातोंडात पाणी जाऊन रडे, दुसऱ्या दिवशी लपून बसे, तिसऱ्या दिवशी पुन्हा येई, आणि पाय मारणे जमू लागले की आधार कमी होत जाई, दोन भोपळ्यांचा एक होई, जाड ओंडक्याच्या जागी बारीक येई. ‘ढकलून दिले की आपोआप येते’ ही बढाई या संदर्भात सर्रास ऐकू येते, परंतु ती वर आलेल्यांची साक्ष आहे. ढकलल्यामुळे पाण्याला कायमचे दुरावलेले लोक असली साक्ष द्यायला पुढे येत नाहीत. मुलाचा निश्चय खरा, पण तो टिके तो भीतीचे असे रोजचे हप्ते पाडल्यामुळे.

ही रीत सर्वांची होती असे म्हणता येत नाही. मुलींना तिच्यात क्वचितच वाव मिळे, आणि ज्यांना पाणवठ्याला शिवण्याचीच बंदी होती, त्यांच्या मुलांपुढे पोहण्याचा प्रश्न पिण्याच्या प्रश्नानंतर येत होता. सार्वजनिक तळी-विहिरी अस्पृश्यांना खुल्या करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये संमत केला, तरी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करून प्यावे लागले आणि त्यावरचा न्यायालयीन वाद १९३७ पर्यंत चालला. पाण्याचे भय तेथे बुडण्याचे नव्हते, काठावरच्या माणसांचे होते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विहीर पोहणाऱ्यांच्या हातून निसटत गेली. तेलाच्या इंजिनाने आणि नंतर विजेच्या पंपाने मोट बंद पाडली. त्याच सुमारास नारूच्या निर्मूलनाची मोहीम आली. हा जंत रोग्याच्या पायातील फोडातून बाहेर पडताना पाण्यात अळ्या सोडतो, त्या सूक्ष्म जलजीवांच्या पोटात वाढतात आणि तेच पाणी पिणाऱ्याला रोग होतो. त्यामुळे पायऱ्यांवरून पाण्यात उतरणेच धोक्याचे ठरले. १९८० च्या दशकात सुरू झालेल्या या राष्ट्रीय कार्यक्रमाला यश आले आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला, पण पायऱ्यांच्या विहिरी त्यापायी बंदिस्त झाल्या, आणि हा तोटा त्या लाभापुढे क्षुल्लक मानणेच रास्त होय. १९७२ च्या दुष्काळानंतर विंधनविहिरी वाढल्या. सहा-साडेसहा इंचांच्या त्या भोकातून पाणी वर येते, माणूस आत जाऊ शकत नाही.

अलीकडे शेतात पाणी पुन्हा उघड्यावर आले आहे ते शेततळ्यांच्या रूपाने. त्यांच्या उतरत्या बाजूंवर प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो आणि तो ओला झाला की इतका निसरडा होतो की पट्टीचा पोहणाराही काठ गाठून वर चढू शकत नाही. म्हणून जाणते शेतकरी भोवती कुंपण घालतात आणि काठावरच्या खुंटाला दोर बांधून त्याच्या टोकाला फुगवलेली ट्यूब पाण्यात सोडून ठेवतात.