दोन ज्योती आणि रविवारची सायकलवाट

गेल्या हिवाळ्यातील एका रविवारी पहाटे काही कामानिमित्त आम्ही फैजपूर येथे होतो. मिस्सा सायंकाळची असल्यामुळे हाताशी वेळ होता. यावलकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला उभे असताना दहा-बारा सायकलस्वारांचा एक जथा आमच्यासमोरून गेला. डोक्यांवर हेल्मेट, सीटखाली लुकलुकणारे तांबडे दिवे, आणि एकमेकांना घातलेल्या हाका. कोणी शिक्षक असावा, कोणी दुकानदार. दोन तरुण मुलीही होत्या. कोठे वेळेवर पोहोचण्याची निकड त्यांपैकी कोणालाच दिसत नव्हती. सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत जावे, चहा घ्यावा आणि ऊन चढण्यापूर्वी घरी परतावे, एवढाच त्यांचा बेत होता. त्यांच्या मागोमाग थोड्या अंतरावर काळ्या, जुन्या सायकलीवर एक मजूर केळीच्या बागेकडे चालला होता. कॅरिअरला जेवणाचा डबा आणि विळा बांधलेला. रस्ता तोच, दिशा तीच. परंतु तो त्या जथ्यातील नव्हता.

हे दृश्य पुढे कित्येक दिवस आमच्या मनातून जाईना. माणसे केवळ आनंदासाठी एकत्र जमून वाट चालतात, ही गोष्ट कोठून आली? आणि अशा सोबतीत कोणाला जागा असते, कोणाला नसते? या दोन प्रश्नांचा मागोवा घेण्याचा प्रस्तुत लेखात यत्न केला आहे. तो फैजपूरपासूनच सुरू करणे उचित होय. कारण एकत्र वाट चालण्याचा धडा या गावाने एके काळी साऱ्या देशाला दिला आहे.

२७ आणि २८ डिसेंबर १९३६ रोजी राष्ट्रीय काँग्रेसचे पन्नासावे अधिवेशन फैजपूर येथे भरले. तोवरची अधिवेशने शहरांत होत. खेड्यात भरलेले हे पहिलेच. ते खेड्यात भरावे, ही महात्मा गांधींची इच्छा होती. पंडित जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते. शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या साध्या, स्थानिक साहित्यातून ‘टिळकनगर’ सजवले. खिरोद्याचे धनाजी नाना चौधरी आणि त्यांचे सहकारी व्यवस्थेसाठी राबले. साने गुरुजींनी खानदेशातील गावे पालथी घातली. मुंबईत, जेथे १८८५ साली काँग्रेसचा जन्म झाला, तेथून एक ज्योत धावपटूंनी हातोहात फैजपूरपर्यंत आणली. त्याच सुमारास मनमाडहून पाचशेहून अधिक शेतकरी पायी निघाले. वाटेवरील गावांत सभा घेत, दोनशेहून अधिक मैल तुडवीत ते फैजपुरास पोहोचले, तेव्हा त्यांच्या स्वागताला स्वतः नेहरू होते. शेतीविषयक कार्यक्रमाचा मसुदा याच अधिवेशनात मान्य झाला, हा योगायोग नव्हे. ज्यांच्याविषयी बोलायचे, ती माणसे तेथवर चालत आली होती.

ज्योत एकट्याने नेता येत नाही. ती पुढच्याच्या हाती द्यावी लागते, आणि तो तेथे उभा आहे एवढा भरवसा असावा लागतो. मनमाडच्या शेतकऱ्यांनाही सर्वांत थकलेल्या गड्याच्या पावलांशी आपली पावले जुळवावी लागली असतील. अन्यथा पाचशे माणसे एकत्र निघून एकत्र पोहोचत नसतात. सायकलस्वारांच्या मंडळाचा सारा इतिहास या एकाच गोष्टीभोवती फिरतो, असे आमचे मत आहे.

त्या इतिहासाचा उगम मात्र युरोपातला. उंच पुढच्या चाकाची जुनी सायकल महाग आणि धोक्याची होती. ती धनिक तरुणांचे खेळणे होती. अशा तरुणांनी १८७८ साली इंग्लंडमधील हॅरोगेट येथे एक प्रवासी सायकल मंडळ स्थापन केले. सोबतीने भटकावे, मुक्कामाच्या खाणावळींशी दर ठरवून घ्यावेत, चांगल्या रस्त्यांसाठी सरकारदरबारी बोलावे, असे त्याचे उद्योग होते. १८८५ साली जॉन केम्प स्टार्ली यांनी दोन सारख्या चाकांची, साखळीने फिरणारी ‘रोव्हर’ सायकल आणली. १८८८ साली डनलॉप यांनी हवेचा टायर सिद्ध केला. हळूहळू किमती उतरल्या आणि कारखान्यातील कामगाराच्या हातीही सायकल आली. १८९४ साली बर्मिंगहॅम येथे सहा तरुणांनी ‘क्लॅरियन’ हे समाजवादी विचारांचे सायकल मंडळ काढले. आठवडाभर धुरात राबणारी माणसे रविवारी मोकळ्या रानात जाऊ लागली, वाटेवरच्या गावांत पत्रके वाटू लागली.

आणि येथेच आमच्यासारख्या धर्मगुरूंशी त्यांची गाठ पडली. रविवार हा प्रभूचा वार. त्या दिवशी मंदिराकडे पाठ फिरवून चाके फिरवणाऱ्या तरुणांवर तिकडच्या व्यासपीठांवरून कठोर प्रवचने झाली. काही पाळक मात्र शहाणे निघाले. त्यांनी सायकलस्वारांसाठी सोयीच्या वेळी उपासना ठेवल्या, मंदिराच्या आवारात सायकली लावण्यास जागा दिली. पहिल्या महायुद्धात मरण पावलेल्या सायकलस्वारांचे स्मारक १९२१ साली मेरिडन या इंग्लिश गावी उभे राहिले, आणि तेथे दरवर्षी सायकलस्वार जमून प्रार्थना करीत आले. भांडणाचे रूपांतर सोबतीत झाले ते असे.

येथे एक कबुली द्यावीशी वाटते. काही वर्षांपूर्वी एका धर्मग्रामात असताना चार-पाच तरुण रविवारी सकाळी सायकलीवरून दूर जातात आणि मिस्सेला येत नाहीत, असे आमच्या कानी आले. आम्ही त्यांची नावे घेतली नाहीत. परंतु प्रवचनात असे काही बोललो की साऱ्या मंदिराने त्यांच्याकडे वळून पाहिले. पुढच्या रविवारी ते आले नाहीत, आणि त्यानंतरही बरेच महिने आले नाहीत. पुढे त्यांच्यापैकी एक भेटला तेव्हा शांतपणे म्हणाला, “फादर, तुम्ही आम्हांला शनिवारी सायंकाळी बोलावलं असतं, तर आम्ही आलो असतो.” ही साधी गोष्ट आम्हांला सुचली नव्हती. इतिहास वाचलेला असूनही आपण त्यातून काही शिकतोच असे नाही.

१९३६ हे वर्ष इटलीच्या सायकलविश्वातही महत्त्वाचे होते. त्या वर्षी जीनो बार्ताली या श्रद्धाळू कॅथलिक तरुणाने ‘जिरो’ ही इटलीची महाशर्यत प्रथम जिंकली. पुढे १९३८ आणि १९४८ अशी दहा वर्षांच्या अंतराने दोनदा त्याने फ्रान्सचीही महाशर्यत जिंकली. जर्मन अंमलाच्या काळात सरावाच्या निमित्ताने सायकलच्या पोकळ नळ्यांत बनावट ओळखपत्रे लपवून तो फ्लॉरेन्स आणि असिसीच्या दरम्यान नेत असे. ज्यूंचे प्राण वाचवण्यासाठी तेथील धर्मगुरूंनी उभारलेल्या जाळ्यातील तो एक दुवा होता. हयातीत याविषयी तो फारसे बोलला नाही. त्याच्या मृत्यूनंतर, २०१३ साली जेरुसलेमच्या याद वाशेम संस्थेने त्याचा गौरव केला. शर्यतीचे पदक छातीवर लागते. हे पदक कोठे लावायचे, याचा विचारही त्याने केला नाही.

कोमो सरोवराच्या वरच्या अंगाला, एका खड्या चढाच्या माथ्यावर गिझाल्लोच्या मरियामातेचे छोटे मंदिर आहे. चढ चढून थकलेले सायकलस्वार तेथे विसावत. पोप बारावे पायस यांनी १९४८ साली एक ज्योत प्रज्वलित केली. सायकलस्वारांनी ती हातोहात त्या मंदिरात पोहोचवली, आणि ती नेणाऱ्यांत एकमेकांचे कट्टर प्रतिस्पर्धी असलेले बार्ताली आणि कोप्पी हे दोघेही होते. १३ ऑक्टोबर १९४९ रोजी पोप महोदयांनी गिझाल्लोच्या मरियामातेस सायकलस्वारांची आश्रयदात्री म्हणून घोषित केले. मुंबईहून फैजपूरला धावत आलेली ज्योत आणि या डोंगरमाथ्यावर चाकांवरून चढलेली ज्योत यांचा परस्परांशी काही संबंध नाही, हे आम्ही जाणतो. तथापि दोन्ही ज्योतींनी सांगितलेली गोष्ट एकच आहे.

आता आपल्या मुलुखाकडे वळू. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईच्या एका व्यायाम मंडळातील सहा पारशी तरुण सायकलींवरून जगाच्या फेरीस निघाले. इराण, इराक, सीरियाचे वाळवंट, युरोप, अमेरिका, जपान, कोरिया आणि चीन असा सुमारे ४४,००० मैलांचा प्रवास करून १९२८ सालच्या मार्च महिन्यात आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भूमगरा हे तिघे मुंबईस परतले. त्यांच्या प्रवासवर्णनाचे पुस्तक १९३१ साली निघाले. त्याला प्रस्तावना नेहरूंनी लिहिली आणि या तरुणांचा हेवा वाटतो, असे मोकळेपणाने नमूद केले. तेच नेहरू पाच वर्षांनी फैजपूरच्या मातीत मनमाडच्या पायी आलेल्या शेतकऱ्यांसमोर उभे होते. वाटेची ओढ असणाऱ्या माणसाला वाट चालून आलेल्यांची किंमत कळली असेल, असे मानण्यास आम्हांला आवडते.

खानदेशातील सामान्य माणसाला मात्र सायकल भेटली ती हौसेतून नव्हे, गरजेतून. आधी परदेशी रॅले आणि हंबर, मग स्वातंत्र्यानंतर ॲटलस, हीरो, हर्क्युलिस. दूधवाला, पोस्टमन, तलाठी, शाळामास्तर, गावोगाव फिरणारा धर्मशिक्षक, यांचा संसार त्या दोन चाकांवर चालला. आमच्या लहानपणी सायकल तासाच्या भाड्याने मिळे. तासाला दहा मिनिटे उरली की दुकानाकडे जीव मुठीत धरून परतावे लागे. नगरपालिकेचा बिल्ला नसला, रात्री दिवा नसला किंवा डबलसीट सापडले तर पोलीस चाकातील हवा सोडी. घरात नवी सायकल आली की तिला हळदकुंकू वाहिले जाई. १९६१ साली फैजपुरात धनाजी नाना महाविद्यालय निघाले, तेव्हा आसपासच्या खेड्यांतील मुलांना उच्च शिक्षणाचे दार जवळ आले. त्या पिढीतील कोणाही प्राध्यापकास किंवा वकिलास विचारावे. त्याच्या पदवीच्या कथेत कोठेतरी एक सायकल आणि तिचे पंक्चर असतेच.

मग मोटारसायकल आली आणि सायकल ही गरिबीची खूण ठरली. घरात दुचाकी असता सायकलीवर बसणे कमीपणाचे वाटू लागले. मात्र राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून अनेक तालुक्यांत शाळकरी मुलींना सायकली मिळाल्या, आणि त्यांच्यासाठी ती शिक्षण पुढे चालू ठेवण्याचे साधन ठरली.

गेल्या दीड-दोन दशकांत चित्र पुन्हा पालटले. आता सायकल परतली ती गिअरची, हलकी आणि महागडी होऊन. २०१५ साली नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघाने नऊ दिवसांच्या आत पुरी केली. नाशिकहून पंढरपूरला सायकलींची वारी जाऊ लागली. फ्रान्सच्या धर्तीवर २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरच्या राइड आपल्याकडे रुजल्या. २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात. त्यात पहिला-दुसरा क्रमांक नसतो, मुदतीत पोहोचलेला प्रत्येक जण सारखाच. ही शर्यत नव्हे, ही वारीच होय, असे एका तरुणाने आम्हांला सांगितले, ते आम्हांस पटले.

सुटीच्या दिवशी निघणाऱ्या जथ्यांचेही काही अलिखित नियम आहेत. पुढे वाट माहीत असलेला असतो आणि सर्वांत मागे एक अनुभवी गडी. त्याच्याही मागे कोणी राहता कामा नये. खड्डा दिसला की पुढचा हाताने खूण करतो आणि ती खूण शेवटच्यापर्यंत जाते. पुढच्याच्या आडोशाने चालणाऱ्यास वारा कमी लागतो आणि सुमारे एक चतुर्थांश किंवा अधिकही श्रम वाचतात. म्हणून वारा झेलण्याची पाळी बलवंतांनी आळीपाळीने घ्यायची असते. एकाचे पंक्चर हे सर्वांचे पंक्चर. खानदेशात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. त्यामुळे खरा हंगाम हिवाळ्याचा. मनुदेवीच्या डोंगरपायथ्याकडे, पालच्या वनराईकडे किंवा तापी-पूर्णेच्या संगमावरील चांगदेवाकडे, असे रस्ते तेव्हा खुणावतात. मात्र त्याच रस्त्यांवर केळीचे ट्रक आणि मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्या असतात. धुक्यात त्या दिसत नाहीत. सोबत ही तेथे केवळ करमणूक राहत नाही, ती जीव राखणारी गोष्ट होते.

आता पहिल्या दृश्याकडे परतू. तो जथा पुढे जाऊन एका टपरीपाशी थांबला होता. आम्हीही चालत तेथवर गेलो. काळ्या सायकलीवरचा तो मजूर थोड्या वेळाने आला आणि मान खाली घालून पुढे निघून जाऊ लागला. त्याच्या चाकाची साखळी कुरकुरत होती. जथ्यातील एक मुलगी उठली आणि म्हणाली, “काका, थांबा जरा. चेनला तेल देते.” तो संकोचाने उतरला. तिने पिशवीतून तेलाची छोटी कुपी काढली. कोणीतरी त्याच्या हाती चहाचा पेला दिला. कोठे कामाला जाता, रोज किती अंतर पडते, अशी विचारपूस झाली. जाण्यायेण्याचे मिळून सोळा-सतरा किलोमीटर पडतात, पाऊस असो वा ऊन, असे त्याने सांगितले. त्यावर एक जण उद्गारला, “म्हणजे आमच्यापेक्षा तुमचाच आठवड्याचा हिशेब मोठा!” सारे हसले, तोही हसला. मग सगळे एकदमच निघाले, आणि बागेच्या वळणापर्यंत जथ्याने आपला वेग त्याच्या सायकलीपुरता ठेवला.

एवढ्याने जगातील विषमता मिटत नाही, हे आम्हांस ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशी तो एकटाच त्या रस्त्याने गेला असेल. परंतु ज्या गावाने १९३६ साली पायी आलेल्या शेतकऱ्यांना सन्मानाने आत घेतले, त्या गावाच्या रस्त्यावर गरजेची सायकल आणि हौसेची सायकल काही अंतर बरोबरीने चालली, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले. सोबतीची परीक्षा सर्वांत पुढच्याच्या वेगावरून होत नसते. सर्वांत मागच्याला कोणी वळून पाहिले की नाही, यावरून ती होते. धर्मग्राम चालवणाऱ्या आम्हांलाही हे त्या मुलीकडून शिकावे लागले. त्या सायंकाळी मिस्सेच्या वेळी मंदिराच्या भिंतीला टेकवलेल्या दोन सायकली दिसल्या, तेव्हा त्या कोणाच्या, हे आम्ही प्रथमच आवर्जून विचारले.