महिंद्रा थार

महिंद्रा थार ही महिंद्रा अँड महिंद्रा या मुंबईस्थित भारतीय कंपनीची खडबडीत व कच्च्या रस्त्यांवर चालण्यासाठी बनविलेली मोटारगाडी आहे. पहिली पिढी इ.स. २०१० मध्ये आणि दुसरी पिढी इ.स. २०२० मध्ये बाजारात आली. तिचे उत्पादन नाशिक येथील कारखान्यात होते. राजस्थानातील थारच्या वाळवंटावरून गाडीला हे नाव देण्यात आले.

'थार' या एकाच नावाखाली ६३ ते १५० अश्वशक्तीपर्यंतच्या इंजिनांच्या, दोन किंवा चारही चाकांना शक्ती देणाऱ्या, कापडी किंवा पक्क्या छताच्या गाड्या विकल्या गेल्या आहेत. त्यामुळे केवळ नावावरून गाडीची क्षमता ठरत नाही. इंजिन, चालनपद्धती आणि श्रेणी या तीन बाबी स्वतंत्रपणे पाहाव्या लागतात.

पूर्वपीठिका

महिंद्रा कंपनीची स्थापना २ ऑक्टोबर १९४५ रोजी मुंबईत 'महिंद्रा अँड मोहम्मद' या नावाने झाली, इ.स. १९४८ मध्ये तिला सध्याचे नाव मिळाले. अमेरिकेतील विलीज कंपनीच्या जीप गाड्यांची भारतात जुळणी करून कंपनीने वाहन व्यवसायात प्रवेश केला. त्यांपैकी सीजे-३बी हे प्रारूप भारतात दीर्घकाळ टिकले. उंच हरिकेन पेट्रोल इंजिन मावावे म्हणून या गाडीचे बॉनेट उंच ठेवलेले होते.

पुढे इंधनखर्चाच्या दृष्टीने जीपमध्ये डिझेल इंजिने बसविली जाऊ लागली. प्यूजो या फ्रेंच कंपनीच्या रचनेचे एक्सडीपी ४.९० हे २११२ सीसीचे इंजिन नाशिक जिल्ह्यातील इगतपुरीच्या कारखान्यात तयार होऊ लागले. नावातील '४' हा आकडा सिलिंडरांची संख्या आणि '९०' हा सिलिंडरचा मिलिमीटरमधील व्यास दर्शवितो. या इंजिनावर चालणारी एमएम ५४० आणि तिच्यानंतरची एमएम ५५० या गाड्या थारच्या थेट पूर्वज मानल्या जातात.

पहिली पिढी (२०१०–२०१९)

ऑक्टोबर २०१० मध्ये आलेल्या थारचे बाह्यरूप जुन्या जीपचेच होते. तिच्या दोन मुख्य आवृत्त्या होत्या व त्यांच्यातील फरक मुख्यतः इंजिनाचा होता.

• डीआय : २५२३ सीसी, ६३ अश्वशक्ती. जुन्या धर्तीचे, दुरुस्तीला सोपे डिझेल इंजिन. ही आवृत्ती दोन तसेच चारही चाकांच्या चालनासह मिळत असे.
• सीआरडीई : २४९८ सीसी, १०५ अश्वशक्ती, २४७ न्यूटन-मीटर टॉर्क. यात इंधन एका सामाईक नळीतून अतिउच्च दाबाने, इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाखाली सिलिंडरमध्ये सोडले जाते.

दोन्ही इंजिनांचे आकारमान जवळजवळ सारखे असूनही शक्तीत ४२ अश्वशक्तींचा फरक होता. हा फरक प्रामुख्याने इंधनपुरवठ्याच्या तंत्रातून आला होता. इ.स. २०१५ मध्ये अंतर्भाग सुधारण्यात आला आणि मागील आसाला यांत्रिक लॉकिंग डिफरेन्शियल देण्यात आले. एक चाक घसरू लागल्यास या यंत्रणेमुळे त्याच आसावरील दुसऱ्या चाकाला शक्ती मिळत राहते. इ.स. २०१९ मध्ये 'थार ७००' ही ७०० गाड्यांची मर्यादित आवृत्ती काढून या पिढीचा समारोप झाला.

दुसरी पिढी (२०२० पासून)

नव्या थारचे अनावरण १५ ऑगस्ट २०२० रोजी, तर विक्रीचा प्रारंभ कंपनीच्या स्थापनादिनी, २ ऑक्टोबर २०२० रोजी झाला. तीन दारांच्या या गाडीची लांबी ३९८५ मिमी, दोन आसांमधील अंतर २४५० मिमी आणि जमिनीपासूनची उंची २२६ मिमी आहे. ६५० मिमी खोलीच्या पाण्यातून ती जाऊ शकते.

इंजिने

• एमस्टॅलियन पेट्रोल : १९९७ सीसी, १५० अश्वशक्ती, टॉर्क मॅन्युअल गिअरमध्ये ३०० व ऑटोमॅटिकमध्ये ३२० न्यूटन-मीटर.
• एमहॉक डिझेल : २१८४ सीसी, १३० अश्वशक्ती, ३०० न्यूटन-मीटर.
• लहान डिझेल (जानेवारी २०२३ पासून) : १४९७ सीसी, ११७ अश्वशक्ती, ३०० न्यूटन-मीटर, केवळ मागील चाकांचे चालन व मॅन्युअल गिअर.

चालनपद्धती

प्रारंभी दुसऱ्या पिढीतील प्रत्येक थार चारही चाकांच्या चालनाची होती. चालकाजवळील स्वतंत्र दांड्याने दोन चाके, चार चाके किंवा चार चाके व 'लो' गिअर यांपैकी एक स्थिती निवडता येते. 'लो' स्थितीत वेग कमी होतो, पण चाकांपर्यंत पोहोचणारा टॉर्क अनेक पटींनी वाढतो. वाशीम, अकोला, यवतमाळ यांसारख्या जिल्ह्यांतील काळ्या मातीच्या शेतवाटा पावसाळ्यात चिकट होतात व चाके रुततात. अशा ठिकाणी केवळ इंजिनाची शक्ती पुरेशी ठरत नाही. ती चारही चाकांत वाटली जाणे उपयुक्त ठरते.

कोरड्या डांबरी रस्त्यावर मात्र ही पद्धत वापरू नये. वळणावर पुढील व मागील चाके वेगवेगळे अंतर कापतात. हा फरक सामावून घेणारे मधले डिफरेन्शियल या रचनेत नसल्याने यंत्रणेवर ताण येतो.

जानेवारी २०२३ मध्ये केवळ मागील चाकांचे चालन असलेली आवृत्ती आली. तिची सुरुवातीची किंमत ९.९९ लाख रुपये होती. दिसण्यात ती चार चाकांच्या चालनाच्या गाडीसारखीच असली, तरी तिच्यात 'लो' गिअर नसतो.

श्रेणी

सुरुवातीच्या श्रेणी एएक्स आणि एलएक्स अशा होत्या. त्यांच्या मध्ये 'एएक्स ऑप्शनल' ही श्रेणी होती. एएक्समध्ये पोलादी रिमची १६ इंची चाके, तर एलएक्समध्ये १८ इंची मिश्रधातूची चाके व स्पर्शपटल देण्यात आले. पक्के छत, स्थिर कापडी छत आणि उघडता येणारे कापडी छत असे तीन प्रकार उपलब्ध होते. इंजिनाची शक्ती श्रेणीनुसार बदलत नसे.

करआकारणी व इंजिनाचा आकार

भारतात चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या मोटारीला, तिचे डिझेल इंजिन १५०० सीसीपर्यंत किंवा पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत असल्यास, वस्तू व सेवा कराचा कमी दर लागू होतो. थारची लांबी या मर्यादेत बसत होती, परंतु मूळची दोन्ही इंजिने बसत नव्हती. १४९७ सीसीच्या डिझेल इंजिनाने ही अट पूर्ण केली. मागील चाकांच्या चालनाच्या पेट्रोल आवृत्तीत मात्र १९९७ सीसीचेच इंजिन असल्याने तिला ही सवलत मिळाली नाही.

सुरक्षितता

पहिल्या पिढीतील थारमध्ये एअरबॅग नव्हत्या. दुसऱ्या पिढीत दोन एअरबॅग व एबीएस देण्यात आले. नोव्हेंबर २०२० मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने प्रौढ व बाल प्रवाशांच्या संरक्षणासाठी तिला प्रत्येकी चार तारे दिले. चाचणीतील गाडीची मागील आसने पुढे तोंड केलेली होती. आरंभीच्या एएक्स श्रेणीतील समोरासमोर बाके असलेली सहा आसनी आवृत्ती थोड्याच काळात बंद करण्यात आली. जुन्या जीपपासून चालत आलेली ही बैठक अशा रीतीने थारमधून नाहीशी झाली.

थार रॉक्स

१५ ऑगस्ट २०२४ रोजी पाच दारांची थार रॉक्स बाजारात आली. तिची लांबी ४४२८ मिमी व दोन आसांमधील अंतर २८५० मिमी आहे. तिच्या श्रेणी एमएक्स व एएक्स या दोन मालिकांत विभागलेल्या आहेत. तीन दारांच्या थारच्या उलट, रॉक्समध्ये श्रेणीनुसार इंजिनाची शक्तीही बदलते : पेट्रोल इंजिनाचा टॉर्क ३३० किंवा ३८०, तर डिझेलचा ३३० किंवा ३७० न्यूटन-मीटर असतो. चारही चाकांचे चालन केवळ डिझेल आवृत्तीत देण्यात आले. भारत एनकॅप चाचणीत रॉक्सला पाच तारे मिळाले.

अमेरिकेतील रॉक्सर

पहिल्या थारच्या धर्तीवर बनविलेली रॉक्सर ही गाडी महिंद्राने इ.स. २०१८ मध्ये अमेरिकेत आणली. तिची जुळणी मिशिगन राज्यात होत असे आणि ती केवळ रस्त्याबाहेरील वापरासाठी होती. जीप या नाममुद्रेची तत्कालीन मालक फियाट क्रायस्लर हिने रॉक्सरच्या रूपाबाबत तक्रार केली. इ.स. २०२० मध्ये अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाने मूळ रॉक्सरविरुद्ध निर्णय दिला. त्याच वर्षी बदललेल्या बाह्यरूपाच्या रॉक्सरला मात्र आयोगाने विक्रीस मुभा दिली.