नावात यूएचएफ, कामात नाही

रेडिओच्या नादाला नव्याने लागलेली मंडळी सेट कुठला आणि अँटेना कुठली यावर महिनाभर खल करतात, आणि त्या दोघांना जोडणारा कनेक्टर मात्र दुकानदार देईल तो उचलतात. आमच्या ग्रुपमधल्या एकाने मध्यंतरी हेच केलं. त्याला ४३५ मेगाहर्ट्झची अँटेना गच्चीवर लावायची होती. ४३५ म्हणजे यूएचएफ पट्टा, आणि बाजारात चक्क 'यूएचएफ कनेक्टर' नावाचीच वस्तू मिळते. मग अडलं कुठे? अडलं ते इतिहासात.

हा कनेक्टर १९३०च्या दशकातला. अमेरिकेत ऍम्फेनॉल कंपनीच्या ई. क्लार्क क्वाकेनबुश यांनी तो बनवला. त्या काळी ३० मेगाहर्ट्झच्या वरचं सगळं 'अल्ट्रा हाय'च! पुढे पट्ट्यांची नावं नव्याने ठरली आणि यूएचएफ हे नाव ३०० ते ३००० मेगाहर्ट्झला गेलं. कनेक्टरचं बारसं आधीच झालेलं, ते कोण बदलणार? (ज्या मॉड्यूलचं नाव 'न्यू' तेच सगळ्यात जुनं, हे आपल्या हापिसातही असतंच की.)

गोम अशी की केबल ५० ओहमची, पण या कनेक्टरच्या आतल्या मापांमुळे तिथे तेवढ्यापुरता इंपीडन्स बदलतो. १४ मेगाहर्ट्झला लहर सुमारे २१ मीटर लांब, तिला दोन-तीन सेंटीमीटरचा खड्डा जाणवतही नाही. ४३५ला तीच लहर ६९ सेंटीमीटरची होते आणि मग थोडा सिग्नल उलटा फिरतो. त्यात हा कनेक्टर पावसाला तोंड देणारा नाही. गच्चीवर आपला जुलै काढायचा म्हणजे बघा.

बरं, ५० ओहमच का? हवा भरलेल्या केबलमध्ये सिग्नल सगळ्यात कमी गळतो तो ७७ ओहमच्या आसपास, आणि सगळ्यात जास्त पॉवर जाते ती ३०च्या आसपास. ५० ही मधली तडजोड. टीव्हीवाल्यांना पॉवरशी देणंघेणं नाही, म्हणून तुमच्या डिशची केबल ७५ची.

मग १९४०च्या दशकात बेल लॅब्जच्या पॉल नील यांनी एन कनेक्टर केला. ५० ओहम शेवटपर्यंत सांभाळणारा, आत रबरी वॉशर, त्यामुळे पाणी आत येत नाही. ऍम्फेनॉलच्या कार्ल कॉन्सेलमन यांनी सी कनेक्टर केला. दोघांची आद्याक्षरं आणि पुढे 'बायोनेट' लावून झाला बीएनसी: दाबा, फिरवा, अडकला. आपल्या जुन्या बल्बच्या होल्डरसारखाच. गंमत म्हणजे बीएनसीच्या रचनेचं पेटंट या दोघांपैकी कुणाचंच नाही, ते १९५१ साली ऑक्टेव्हियो सलाती यांना मिळालं. तरी 'ब्रिटिश नेव्हल कनेक्टर' असं ठासून सांगणारे अजून भेटतात. असो. जुन्या ऑफिसांमध्ये कॉम्प्युटरच्या मागे टी आकाराचे जोड असत ना, ते हेच.

मग घ्यायचं काय? ३० मेगाहर्ट्झपर्यंत जुना यूएचएफ, म्हणजे पीएल-२५९, खुशाल लावा. दणकट आहे, जाड केबल घेतो. १४४लाही भागतं. ४३५ आणि गच्ची असेल तर एनच. फक्त एन ७५ ओहमचाही येतो आणि त्याचं भोक बारीक असतं, ५०ची जाड पिन त्यात दामटली की ते कायमचं सैल. टेबलावर सारखं काढायचं-घालायचं असेल तर बीएनसी.

हातातल्या सेटवर बहुतेक वेळा १९६०च्या दशकातला एसएमए असतो, आणि खरा घोळ इथे आहे. लोकांनी वाय-फायसारख्या उपकरणांना वाटेल ती अँटेना लावू नये म्हणून अमेरिकेच्या एफसीसीने १९८९ साली वेगळ्याच जोडणीची अट घातली. कंपन्यांनी काय केलं, तर एसएमएची पिन आणि भोक यांची अदलाबदल केली! त्यामुळे आटे तेच राहिले. राउटरची अँटेना साध्या एसएमएवर छान घट्ट बसते, पण दोन्हीकडे भोकच, मधली तार जुळतच नाही. वरून काहीच कळत नाही, आणि ट्रान्समिट दाबलं की सगळी पॉवर सेटमध्येच परत, शेवटचा ट्रान्झिस्टर धोक्यात. दुकानात जाताना सेट बरोबर न्या, आणि दोन्ही तोंडांत डोकावून मगच पैसे द्या.