शाळेतील शरणागती

रीम्स म्हटले की आम्हांस संत रेमिजियस आणि क्लोव्हिस राजाचा बाप्तिस्मा आठवतो. त्याच नगरीच्या कॅथेड्रलचे छप्पर सप्टेंबर १९१४ मध्ये जर्मन तोफांच्या माऱ्यात जळाले. ७ मे १९४५ रोजी जर्मनीने शरणागतीवर सही केली, तीही रीम्समधील एका शाळेत! पुढे ८ जुलै १९६२ रोजी द गॉल आणि आडेनाउअर, दोघेही कॅथलिक, त्याच कॅथेड्रलमध्ये मिस्सेस एकत्र बसले. १९६३ च्या करारातून उभय देशांचे युवक कार्यालय निघाले. १९६७ साली रीम्स व जर्मनीतील आखेन यांचे नाते जुळले. विद्यार्थी एकमेकांच्या घरी राहू लागले. करार पुढाऱ्यांनी केला खरा; परंतु ज्या माउलीचा भाऊ वा पती युद्धात पडला, तिने जर्मन मुलास आपल्या ताटावर बसवणे आम्हांस अधिक कठीण वाटते.