दोन कारखान्यांची एक गाडी : मोटारहोमचा डॅशबोर्ड आणि वायरिंग

निजण्याची, स्वयंपाकाची आणि अंघोळीची सोय पोटात घेऊन स्वतःच्या इंजिनावर चालणारे वाहन, म्हणजे मोटारहोम, हे आरंभापासून बहुधा दोन कारखान्यांचे अपत्य राहिले आहे. इंजिन, चाके, स्टिअरिंग आणि पोलादी सांगाडा मिळून होणारी चासी मोटार कंपनीने तयार करायची आणि तिच्यावर घर उभारण्याचे काम बॉडीबांधणीच्या दुसऱ्या कारखान्याने करायचे, अशी ही वाटणी होती. तिच्यामुळे एकाच वाहनात दोन वीजव्यवस्था नांदू लागल्या, एक गाडीची आणि दुसरी घराची, आणि त्या दोघींची गाठ पडण्याचे ठिकाण म्हणजे चालकापुढील डॅशबोर्डची मागची बाजू. अमेरिकेत आणि युरोपात १९६० ते १९८० या दोन दशकांतील मोटारहोम खोलून त्यांचे वायरिंग नव्याने करणे हे आज एक स्वतंत्र कसब झाले आहे; वायर जुनी होऊन तडकते हे त्याचे एक कारण असले, तरी मोठे कारण हा सांधा कोणाच्याच अखत्यारीत नव्हता हे आहे.

घोडागाडीच्या काळात डॅशबोर्ड ही चिखल अडवणारी फळी होती. मोटारीत तीच फळी इंजिन आणि प्रवासी यांच्यामधील आडोसा झाली आणि सोयीची जागा म्हणून तिच्यावर एकेक मापक ठोकले जाऊ लागले. १९१० मध्ये पिअर्स-ॲरो या अमेरिकी कंपनीने न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील प्रदर्शनात ‘टूरिंग लँडो’ ही गाडी मांडली. तिच्या मागच्या आसनाचा पलंग होत असे आणि मालकाला चालकाशी बोलण्यासाठी आत टेलिफोन होता. तथापि त्या काळच्या मोटारींचे दिवे सामान्यतः ॲसिटिलीन वायूवर जळत आणि इंजिन हाताने हँडल मारून सुरू करावे लागे. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंग यांनी रचलेला विजेचा स्टार्टर, म्हणजे आपल्याकडील गॅरेजांच्या भाषेतला ‘सेल्फ’, बसवला गेला. बॅटरी, जनित्र आणि दिवे यांची एकत्र व्यवस्था मोटारीत स्थिरावली ती तेव्हापासून, आणि डॅशबोर्डमागे वायरींचा जुडगा जमू लागला तोही तेव्हापासून.

या व्यवस्थेचा पाया असा होता की बॅटरीपासून दिव्यापर्यंत एकच वायर न्यायची आणि प्रवाहाची परतीची वाट गाडीच्या पोलादी अंगातूनच काढायची. यालाच बॉडी अर्थ म्हणतात. पोलादी मोटारीत ही काटकसर उत्तम चालते, कारण कुठेही स्क्रू मारला की परतीचा मार्ग मिळतो. मोटारहोमचे घर मात्र लाकडी चौकट, ॲल्युमिनियमचा पत्रा आणि फायबरग्लास यांचे असते, आणि लाकडातून किंवा फायबरग्लासमधून वीज परत येत नाही. प्रत्येक दिव्याला परतीची स्वतंत्र वायर ओढणे हा यावरचा नीट उपाय होता, परंतु बॉडीबांधणीत अनेकदा जवळच्या धातूच्या तुकड्याला अर्थ जोडून काम भागवले गेले. तो तुकडा चासीला घट्ट जोडलेला आहे तोवर सारे सुरळीत चाले. सांधा गंजला की उजवा इंडिकेटर लावताच मागचा दिवा मिणमिणे आणि इंधनाचा काटा उडी मारे. असे चमत्कारिक दोष पुष्कळदा वायरीत नसून अर्थमध्ये असतात, आणि म्हणूनच जुन्या मोटारहोमच्या दुरुस्तीत जाणता कारागीर आधी अर्थ साफ करतो, मग बाकीच्याला हात घालतो.

युरोपातील कथा व्हॅनपासून सुरू होते. फोक्सवॅगनच्या ट्रान्सपोर्टर व्हॅनचे उत्पादन १९५० मध्ये सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी जर्मनीतील वेस्टफालिया या बॉडीबांधणी कारखान्याने तिच्यात बसणारी ‘कॅम्पिंग बॉक्स’, म्हणजे सामान, झोप आणि स्वयंपाक यांची काढघाल करता येणारी लाकडी मांडणी, बाजारात आणली. त्या व्हॅनचा डॅशबोर्ड आजच्या मानाने जवळजवळ रिकामा होता. वेगमापक, दोन-तीन सूचक दिवे आणि काही बटणे एवढाच त्याचा पसारा. १९६० च्या दशकाच्या आरंभापर्यंत तिला इंधनाचा काटाही नव्हता. टाकी आटत आली की राखीव इंधनाची कळ फिरवायची, अशी रीत होती. वीज सहा व्होल्टची होती. विजेचा दाब निम्मा असला की तेवढ्याच कामासाठी प्रवाह दुप्पट लागतो: ५५ वॉटच्या दिव्याला बारा व्होल्टवर सुमारे ४.६ अँपिअर पुरतात, सहा व्होल्टवर ९.२ लागतात, आणि प्रवाह दुप्पट झाला की त्याच वायरीत वाया जाणारी शक्ती चौपट होते. झोपायची, वाचायची, पाण्याचा पंप चालवायची गाडी अशा व्यवस्थेवर फार काळ रेटता येण्यासारखी नव्हती. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या महागड्या गाड्या १९५३ पासून आणि शेव्हरोले १९५५ मध्ये बारा व्होल्टवर आल्या; फोक्सवॅगनने हा पल्ला १९६७ च्या मॉडेलच्या सुमारास गाठला.

बारा व्होल्टमुळेही एक अडचण सुटली नाही. या व्हॅनचे इंजिन मागे आणि किल्लीचा स्विच पुढे, त्यामुळे सेल्फला चेतवणारा प्रवाह गाडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावून जाई आणि वाटेतील प्रत्येक जोडणीत थोडा थोडा दाब गमावी. गाडी जुनी झाली की किल्ली फिरवल्यावर नुसता ‘टक्’ आवाज येई आणि इंजिन फिरत नसे. यावर मेकॅनिकांनी काढलेला उपाय असा, की सेल्फजवळ एक रिले, म्हणजे छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू करणारा विद्युतचुंबकी स्विच, बसवायचा आणि जुन्या लांबलचक वायरीकडून फक्त त्या रिलेला इशारा देण्याचे हलके काम करून घ्यायचे. पुनर्बांधणीच्या कसबातील एक मोठे सूत्र येथेच सापडते: जुनी वायर फेकून न देता तिच्यावरचा भार उतरवणे.

अमेरिकेत मात्र मोटारहोम आकाराने फार मोठी झाली. मिशिगन राज्यातील ब्राउन सिटी येथे रेमंड फ्रँक यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस कुटुंबासाठी बांधलेल्या गाडीतून पुढे डॉजच्या चासीवरील व्यापारी उत्पादन उभे राहिले. आयोवातील फॉरेस्ट सिटीच्या विनेबॅगो कारखान्याने १९६६ मध्ये मोटारहोम बांधायला घेतली आणि जुळणीच्या रांगेवर उत्पादन करून किंमत मध्यमवर्गाच्या आवाक्यात आणली. या गाड्यांची चासी आपला हार्नेस, म्हणजे एकत्र बांधलेला वायरींचा जुडगा, आणि मापकांचा संच बरोबर घेऊन येई. बॉडीबांधणारा आपल्या पद्धतीचा रुंद डॅशबोर्ड घडवून त्यात तो संच बसवी आणि शेजारी जनित्र, जादा पंखा, दुसरी इंधनटाकी, छतावरचे दिवे यांचे स्विच मांडी. चासीचा नकाशा मोटार कंपनीच्या पुस्तिकेत मिळतो. या शेजारच्या स्विचांचा नकाशा, छापलाच गेला असला तर, गाडीबरोबर दिलेल्या कागदांत असे, आणि असे कागद पहिल्या मालकाबरोबरच नाहीसे होतात.

या नियमाला लक्षणीय अपवाद जीएमसी मोटारहोमचा. १९७३ ते १९७८ या मॉडेल-वर्षांत जनरल मोटर्सने चासी आणि बॉडी दोन्ही स्वतः बांधली; ओल्ड्समोबिल टोरोनॅडोचे पुढची चाके ओढणारे यंत्र तिच्यात घातल्याने तळाशी लांब दांडा राहिला नाही आणि आतली फरशी खाली आणता आली. सुमारे तेरा हजार गाड्या निघाल्या. कारखान्याच्या तपशीलवार दुरुस्ती-पुस्तिका मालकांच्या संघटनांनी जपून ठेवल्यामुळे पन्नास वर्षांच्या या गाडीची वायर नि वायर आजही कागदावर शोधता येते. अर्थात जीएमसीनेही रिकामी कवचे इतरांना सजवण्यासाठी विकली होती, आणि त्या गाड्यांच्या मागच्या भागात पुन्हा तीच दोन हातांची कहाणी भेटते.

घराची वीज गाडीच्या बॅटरीवर घेतली तर रात्रभर दिवे जाळून सकाळी सेल्फ फिरत नाही, म्हणून घराला दुसरी बॅटरी दिली गेली. दोन्ही एकाच आल्टरनेटरवर, म्हणजे इंजिनावर फिरणाऱ्या जनित्रावर, भारायच्या परंतु एकीने दुसरीला रिकामे करायचे नाही, यासाठी आयसोलेटर आला. प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारे दोन डायोड आणि उष्णता सोडणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पंखांचा एक ठोकळा. त्याची खोड अशी की तो सुमारे ०.७ व्होल्ट स्वतःच खातो, आणि आल्टरनेटरच्या नियंत्रकाला बॅटरीकडील दाब कळवणारी वायर नसेल तर दोन्ही बॅटऱ्या वर्षानुवर्षे अर्धपोटी राहतात.

याहून घातक घोटाळा रंगांचा. मोटारीच्या वायरिंगमध्ये काळी वायर अनेकदा अर्थची असते. अमेरिकी घरातील १२० व्होल्टच्या वायरिंगमध्ये काळी म्हणजे जिवंत. आणि मोटारहोमच्या घराकडच्या बारा व्होल्टच्या वायरिंगमध्ये, घरबांधणीच्या सवयीने, काळी धन आणि पांढरी ऋण अशी प्रथा पडली. म्हणजे डॅशबोर्डमागे एकमेकींना चिकटून गेलेल्या दोन काळ्या वायरींपैकी एक अर्थ आणि दुसरी थेट बॅटरीची असू शकते. युरोपातही एकवाक्यता नाही: ब्रिटनच्या लूकस कंपनीच्या संकेतात तपकिरी वायर बॅटरीची, सदैव जिवंत, तर जर्मन पद्धतीत तपकिरी म्हणजे अर्थ. अशा ठिकाणी रंगावर विश्वास ठेवून वायर कापणारा वायरमन पहिल्याच दिवशी शिकतो, आणि शिकण्याची किंमत बहुधा फ्यूज असते, क्वचित हार्नेस.

डॅशबोर्ड खरोखर उघडला म्हणजे काय दिसते ते क्रायसलरच्या, म्हणजे डॉजच्याही, त्या काळच्या गाड्यांवरून चांगले समजते. त्यांत ॲमीटर, म्हणजे बॅटरीत किती प्रवाह शिरतो वा तिच्यातून किती निघतो हे दाखवणारे मापक, प्रवाहाच्या वाटेतच बसवलेले असे. आल्टरनेटरची जाड वायर इंजिनाच्या बाजूने आडोशाच्या भिंतीतील प्लास्टिकच्या जोडणीतून आत येई, ॲमीटरच्या दोन पितळी खुंट्यांतून जाई आणि त्याच भिंतीतून बॅटरीकडे परत फिरे. मोटारीपुरते हे पुरे होते. मोटारहोममध्ये घराचा भार बॅटरीच्या टोकावर जोडला असेल तर तोही सारा प्रवाह चालकाच्या गुडघ्यासमोरून फिरून जाई. खुंटीवरचे नट सैल झाले की तेथे उष्णता वाढते, उष्णतेने वायरीचे आवरण तपकिरी होऊन कडक होते, पितळ काळवंडते, रोध आणखी वाढतो आणि पुन्हा उष्णता. म्हणून पुनर्बांधणीत ॲमीटरला वळसा घालणारी जाड वायर इंजिनकक्षातच टाकतात आणि डॅशबोर्डवर दाब दाखवणारे व्होल्टमीटर बसवतात.

मापकांच्या संचामागे तांब्याच्या पातळ रेषा छापलेला लवचिक प्लास्टिकचा पापुद्रा असतो. तो एकदा चिरला की डाख देऊन सांधणे अतिशय नाजूक काम होते, कारण डाखणीच्या उष्णतेने पापुद्राच आकसतो. त्यालाच चिकटून एक बोटभर डबी असते, जी बॅटरीचा कमीजास्त होणारा दाब तोडून इंधन आणि तापमान यांच्या काट्यांना सरासरी पाच व्होल्ट पुरवते. ब्रिटिश स्मिथ्स मापकांत हाच आकडा दहा आहे. या डबीचा अर्थ तुटला की तिच्यातून पूर्ण दाब जातो आणि टाकी भरली नसताना भरल्याचे व इंजिन उकळत नसताना उकळल्याचे दोन्ही काटे एकदमच सांगू लागतात.

मराठी मुलखाशी या इतिहासाचा एक धागा खरोखर जुळतो. पुण्याच्या बजाज टेम्पोने, म्हणजे आजच्या फोर्स मोटर्सने, १९८० च्या दशकात आणलेली ट्रॅव्हलर ही मर्सिडीजच्या ‘टी-१’ व्हॅनवर आधारलेली होती, आणि त्याच टी-१ वर वेस्टफालियाने ‘जेम्स कुक’ ही मोटारहोम बांधली. जर्मन पद्धतीत विद्युतअग्रांना क्रमांक देण्याचा संकेत आहे. ३० म्हणजे बॅटरीचे धन टोक, १५ म्हणजे किल्ली फिरवल्यावर जिवंत होणारे, ३१ म्हणजे अर्थ. रिलेवरचे ३०, ८५, ८६, ८७ हे आकडे आपल्याकडचा ऑटो-इलेक्ट्रिशियन रोज हाताळतो तेही याच घराण्यातले. त्यामुळे युरोपातील जुनी टी-१ मोटारहोम पुण्यातल्या एखाद्या वायरमनपुढे उभी केली, तर गाडीची बाजू तो सहज वाचील. अडेल तो घराच्या बाजूला.

अलीकडील पुनर्बांधणीने जुन्या सांध्यावर नवे प्रश्न आणले आहेत. काचेच्या नळीचे फ्यूज काढून पात्याचे रंगीत फ्यूज घालणे हा बदल निर्धोक आहे. डॅशबोर्डवरचे तारेचे बल्ब काढून एलईडी लावणे तसे नाही: पुष्कळ गाड्यांत चार्जिंगचा लाल दिवा नुसता सूचक नसून त्याच्यातून जाणारा अल्प प्रवाहच आल्टरनेटरला चेतवतो, आणि एलईडीतून तेवढा प्रवाह जात नसल्याने इंजिन सुरू होऊनही बॅटरी भारली जात नाही. इंडिकेटरचा जुना उष्णतेवर चालणारा फ्लॅशरही एलईडीच्या हलक्या भाराने तापत नाही आणि दिवा लुकलुकायचा थांबतो. लिथियम बॅटरी घराकडे बसवली, तर ती रिकामी असताना इतका प्रवाह ओढते की जुना आल्टरनेटर जळू शकतो. म्हणून आयसोलेटरच्या जागी आता एका बारा व्होल्टवरून दुसऱ्या बारा व्होल्टला मोजूनमापून प्रवाह देणारा डीसी-टू-डीसी चार्जर बसवतात. वायरींना क्रमांकाचे ठसे, अर्थसाठी एकच तांब्याची पट्टी आणि कपाटाच्या दारामागे चिकटवलेला नकाशा, या तीन गोष्टी चांगल्या कामात आज गृहीत धरल्या जातात. मूळ गाडी बांधताना दोन्ही कारखान्यांनी एकमेकांकडे पाहून सोडून दिलेल्या त्या याच होत्या.